रेघ ओढण्याआधी : अमेरिकी महामार्ग खात्यांची फेरमांडणी

१९१६ साली अमेरिकी काँग्रेसने रस्त्यांसाठी राज्यांना पैसा द्यायचे ठरवले आणि त्यासोबत एक अट घातली. केंद्राचा पैसा हवा असेल, तर राज्याकडे स्वतःचे महामार्ग खाते असले पाहिजे. काही राज्यांत तेव्हा असे खातेच नव्हते. थोड्याच वर्षांत सगळ्या राज्यांत साधारण एकाच साच्याची यंत्रणा उभी राहिली. वर मुख्य अभियंता, खाली जिल्हा अभियंते, मोजणीदार, आरेखक, माती आणि खडी तपासणारी प्रयोगशाळा आणि जमीन ताब्यात घेणारी शाखा. या खात्यांपुढचे काम स्पष्ट होते. शेतकऱ्याला चिखलातून बाहेर काढायचे, बाजार आणि रेल्वे स्थानक गावाला जोडायचे. थॉमस मॅकडॉनल्ड १९१९ ते १९५३ अशी चौतीस वर्षे केंद्रातील सार्वजनिक रस्ते विभागाच्या प्रमुखपदी होते. त्यांच्या काळात या खात्यांनी सचोटीचा आणि तांत्रिक कसबाचा लौकिक मिळवला, आणि तो खोटा नव्हता.

या खात्यांचे बळ पैशाच्या व्यवस्थेत होते. ऑरेगॉन राज्याने १९१९ मध्ये पेट्रोलवर पहिला कर बसवला आणि दहा वर्षांच्या आत तो सर्वत्र पसरला. हा पैसा बहुतेक ठिकाणी रस्त्यांसाठीच राखून ठेवला जाई. १९३४ च्या केंद्रीय कायद्याने तर हा पैसा दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याचे अनुदान कापण्याची तरतूद केली. त्यामुळे शाळा, रुग्णालये किंवा घरबांधणी यांच्याशी स्पर्धा करून निधी मागण्याची वेळ महामार्ग खात्यावर फारशी येत नसे. रस्त्याने दुसऱ्या कोणाचे नुकसान होते का, हा प्रश्न विचारणारी व्यक्ती त्या इमारतीत बसत नव्हती आणि तो विचारण्याची कोणाला गरजही भासत नव्हती.

हिशेबाची पद्धतही त्याच चौकटीतली होती. राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना, ‘आशो’, १९१४ पासून काम करत होती. तिने १९५२ मध्ये लाभ-खर्च काढण्याची एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि पुढे अनेक वर्षे अभियंत्यांनी ती प्रमाण मानली. लाभाच्या रकान्यात वाहनचालकाचा वाचलेला वेळ, इंधन, टायर आणि देखभाल असे. खर्चाच्या रकान्यात बांधकाम, जमिनीची किंमत आणि दुरुस्ती. उठवलेल्या भाडेकरूचा खर्च, दुकानदाराचे तुटलेले गिऱ्हाईक, शाळेच्या वाटेत आलेला भराव यांना रकानाच नव्हता. याचा परिणाम नकाशावर उमटणे अटळ होते. स्वस्त जमीन म्हणजे गरिबांची वस्ती. उद्यानात तर घरे नाहीत, मालक एकच आणि तोही सरकारी. सगळ्यांत किफायतशीर आखणी काढायला बसलेला प्रामाणिक अभियंताही या हिशेबाने वारंवार वस्त्यांकडे आणि उद्यानांकडेच वळत होता. काही शहरांत त्याला उघड वंशभेदाची जोड मिळाली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या ‘पडीक’ ठरवून हटवण्यासाठी महामार्ग हे सोयीचे साधन झाले.

१९५० च्या कायद्याने पहिल्यांदा जनसुनावणी आणली. एखादा महामार्ग शहरातून किंवा शहराला वळसा घालून जाणार असेल, तर सुनावणी घेऊन आर्थिक परिणाम विचारात घेतल्याचे खात्याने केंद्राला कळवायचे. १९५६ च्या ऐतिहासिक कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गजाळ्याला मंजुरी दिली. खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राने उचलला. सुनावणीची अटही त्यात कायम राहिली. मात्र १९५५ मध्येच पिवळ्या मुखपृष्ठाच्या एका पुस्तिकेत शहरांमधून जाणाऱ्या मार्गांचे नकाशे छापून झाले होते. सुनावणी खातेच बोलवी, अध्यक्षस्थानी खात्याचाच अधिकारी असे आणि शेवटी इतिवृत्त फायलीला जोडले जाई. लोकांच्या म्हणण्याला उत्तर देणे खात्यावर बंधनकारक नव्हते.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात हे किती पोकळ ठरू शकते ते दिसले. आंतरराज्य महामार्ग ४० ची आखणी शहराच्या उत्तर भागातून, जेफरसन स्ट्रीटच्या परिसरातून नेण्यात आली. हा रस्ता शहरातील कृष्णवर्णीयांच्या व्यापाराचा कणा होता. फिस्क विद्यापीठ, मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय आणि टेनेसी स्टेट विद्यापीठ याच भागात होते. १९५७ मधल्या सुनावणीच्या सूचना टपाल कार्यालयांत लागल्या, पण त्या गोऱ्यांच्या वस्त्यांतल्या टपाल कार्यालयांत होत्या आणि त्यांवरची तारीखही चुकीची होती. दहा वर्षांनी बांधकामाची वेळ आली, तेव्हा रहिवासी, व्यापारी आणि प्राध्यापक न्यायालयात गेले. अपील न्यायालयाने नुकसान गंभीर असल्याचे मान्य केले. पण मांडलेला पुरावा आखणी शहाणपणाची आहे की नाही याबद्दलचा आहे, ती बेकायदा ठरवणारा नाही, असे म्हणून दाद नाकारली. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण ऐकले नाही आणि महामार्ग झाला. वस्तीचे मरण हा कायद्याच्या नजरेत मुद्दाच नव्हता. पुढची सगळी फेरमांडणी याच पोकळीला भिडत गेली.

विरोध त्याआधीच सुरू झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने जानेवारी १९५९ मध्ये शहरातून जाणाऱ्या दहापैकी सात नियोजित द्रुतगती मार्गांना नकार दिला. बंदरालगतचा एम्बार्काडेरो हा दुमजली मार्ग अर्धवटच थांबला. १९६२ च्या कायद्याने ५०,००० हून अधिक वस्तीच्या शहरांत सतत, सर्वंकष आणि स्थानिक संस्थांच्या सहकार्याने चालणारे वाहतूक नियोजन सक्तीचे केले. त्यासाठी १ जुलै १९६५ ची मुदत होती. कागदावर हे मोठे पाऊल होते. पण बहुतेक ठिकाणी या नियोजनाची आकडेमोड महामार्ग खात्याच्याच पैशाने आणि त्याच्याच पद्धतीने झाली. वीस वर्षांनंतर किती गाड्या धावतील याचा अंदाज काढायचा आणि तेवढ्या मार्गिका आखायच्या, असा तिचा सूर राहिला.

१९६६ मध्ये केंद्रात वाहतूक विभाग स्थापन झाला. महामार्गांचा कारभार रेल्वे, विमान वाहतूक आणि तटरक्षक दलासोबत एका मंत्र्याच्या हाताखाली आला. स्थापनेच्या कायद्यातील कलम ४(एफ) ने उद्याने, वन्यजीव आश्रयस्थाने आणि ऐतिहासिक स्थळे यांना संरक्षण दिले. व्यवहार्य आणि सुज्ञ पर्याय असेल, तर अशा जागेतून रस्ता नेता येणार नाही. महामार्ग खात्यांच्या इतिहासात ‘विचार करा’ याच्या पलीकडे जाऊन ‘करू नका’ असे सांगणारे हे पहिले ठळक कलम. उद्यानांना जे मिळाले, ते घरांना मात्र मिळाले नाही.

याच सुमारास बाल्टिमोरमध्ये एक धाडसी प्रयोग झाला. शहरातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गासाठी वास्तुविशारद, अभियंते, समाजशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ यांचे एकत्र पथक नेमले गेले. नथॅनियल ओविंग्ज या नामवंत वास्तुविशारदाने त्याचा पुरस्कार केला होता. पथकाची नेमणूक झाली तेव्हा मार्गाची पट्टी आधीच ठरलेली होती. त्या पट्टीच्या आत रस्ता सुंदर आणि सुसह्य करायचा, असे काम त्याला दिले होते. पथक वस्त्यांत फिरू लागल्यावर पट्टीच चुकीची आहे हे त्याच्या लक्षात आले. रोझमाँट ही कृष्णवर्णीय कुटुंबांची, स्वतःच्या मालकीच्या घरांची वस्ती उद्ध्वस्त होणार होती. पथकाने दुसरी आखणी सुचवली, तेव्हा त्याचे आणि महामार्ग अधिकाऱ्यांचे तीव्र मतभेद झाले. उशिरा बोलावलेला तज्ज्ञ कितीही हुशार असला तरी त्याच्या हाती फार थोडे उरते, हा बाल्टिमोरचा धडा होता. रोझमाँट पुढे वाचले. पण शहराच्या पश्चिम भागात शेकडो घरे पाडून खणलेला एक तुकडा दोन्ही टोकांना कुठेच न जोडता राहिला.

जानेवारी १९६९ मध्ये केंद्रीय महामार्ग प्रशासनाने सुनावणीचे नवे परिपत्रक काढले. आता एका प्रकल्पासाठी दोन सुनावण्या ठरल्या, एक मार्गाची पट्टी ठरण्यापूर्वी आणि दुसरी रस्त्याचे तपशीलवार आरेखन पक्के होण्यापूर्वी. ‘सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय परिणाम’ म्हणजे काय, याची वीसहून अधिक बाबींची यादीही त्यात होती. राष्ट्रीय संरक्षण आणि रोजगार होते, तसेच अग्निशमन, धार्मिक संस्था, शाळांची विस्कळीत होणारी हद्द, आवाज, हवा, पाणी, मालमत्तांचे मूल्य, विस्थापितांना पर्यायी घरे हेही होते. मसुद्यात निर्णयावर केंद्राकडे अपील करण्याचा हक्क नागरिकांना दिला होता. राज्यांच्या महामार्ग खात्यांनी आणि बहुतेक राज्यपालांनी त्यावर इतकी झोड उठवली की अंतिम परिपत्रकातून तो वगळला गेला. यादी राहिली, पण ती वजनात घेणाराही खात्याचाच माणूस राहिला.

१ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. त्यातील पर्यावरण परिणाम अहवालाची तरतूद जगभर गाजली. महामार्ग खात्यांच्या रचनेच्या दृष्टीने त्याच कलमातली दुसरी ओळ अधिक दूरगामी होती. निसर्गविज्ञान, समाजशास्त्रे आणि आरेखनकला यांचा पद्धतशीर, आंतरविद्याशाखीय उपयोग करण्याचे बंधन त्या ओळीने सरकारी यंत्रणांवर घातले. ज्या खात्यात स्थापत्य अभियंत्याखेरीज दुसरा तज्ज्ञ क्वचितच नेमला जाई, तिथे नवी पदे निर्माण करण्याचा तो आदेशच होता.

त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला आलेल्या महामार्ग कायद्याने हा मुद्दा थेट खात्यांच्या कामकाजात उतरवला. १ जुलै १९७२ पर्यंत मार्गदर्शक तत्त्वे काढावीत, असे काँग्रेसने वाहतूक मंत्र्यांना सांगितले. वेगवान, सुरक्षित वाहतुकीची गरज एका बाजूला आणि दुष्परिणाम टाळण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला ठेवून अंतिम निर्णय एकूण लोकहितात झाला पाहिजे, अशी त्यामागची अपेक्षा होती. दुष्परिणामांत प्रदूषणाबरोबरच वस्तीची एकसंध वीण तुटणे, सार्वजनिक सेवा दुरावणे, रोजगार बुडणे, करउत्पन्न घटणे आणि माणसे, व्यवसाय व शेते यांचे क्लेशकारक विस्थापन यांचा नावानिशी उल्लेख होता. जेफरसन स्ट्रीटच्या रहिवाशांना कायद्यात जे शब्द सापडले नव्हते, ते तीन वर्षांत कायद्यात आले.

अशा परिणामांचे मानक कसे लिहायचे, हा पेच होता. आवाजाची मर्यादा डेसिबलमध्ये सांगता येते. वस्ती किती तुटली तर चालेल, हे सांगता येत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मार्विन मॅनहाइम आणि त्यांचे सहकारी या काळात याच प्रश्नावर काम करत होते. रस्त्याचे लाभ आणि तोटे वेगवेगळ्या गटांच्या वाट्याला येतात, म्हणून सगळ्यांची बेरीज करून काढलेला एक आकडा फसवा असतो, अशी त्यांची मांडणी होती. कोणाला काय मिळते आणि कोणाचे काय जाते हे उघड करायचे, पर्याय खुले असतानाच संबंधितांना बोलवायचे आणि त्यांच्या बोलण्यातून नवे पर्याय शोधायचे, हे तज्ज्ञाचे काम. केंद्रीय महामार्ग प्रशासनाने सप्टेंबर १९७२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेवर या विचाराची छाप होती. तिने कोणता परिणाम किती चालेल हे ठरवले नाही. निर्णय कसा घ्यायचा, त्याची वाट आखून दिली.

त्या मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक राज्याला आपला ‘कृती आराखडा’ लिहावा लागला. त्यात काही प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय परिणाम ओळखण्याची जबाबदारी खात्यातल्या कोणत्या पदावर आहे? ते पद जाळ्याचे नियोजन, मार्गाची निवड आणि आरेखन या तीन टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यावर कामाला लागते? रस्ता न बांधण्याचा पर्याय आणि सार्वजनिक वाहतुकीचा पर्याय कोण तपासतो? इतर खात्यांना आणि लोकांना माहिती केव्हा मिळते? जमा झालेली माहिती निर्णय घेणाऱ्यापर्यंत कशी पोहोचते आणि मतभेद झाला तर तो कोण सोडवतो? लागणारी माणसे नेमायला आणि त्यांना शिकवायला पैसा कुठून येणार? आराखडा लिहितानाही लोकांना आणि इतर संस्थांना सोबत घ्यायचे होते. १९७३ मध्ये हे आराखडे मंजुरीसाठी जाऊ लागले. मंजुरी नसेल, तर राज्याचे पुढचे प्रकल्प अडणार होते.

वरवर हे कागदी काम वाटते. पण एका नोकरशाहीला आपल्याच सत्तेचा नकाशा काढून लोकांसमोर ठेवायला लावणारा असा आदेश दुर्मीळ होता. जिल्हा अभियंत्याच्या कार्यालयात आखणीची रेघ कोण ओढतो, हे तोवर बाहेर कोणालाच नीट ठाऊक नव्हते. आराखड्यांची प्रत मात्र राज्यागणिक फार वेगळी निघाली. काहींनी पर्यावरण शाखेला नियोजनाच्या बरोबरीचे स्थान दिले. काहींनी जुन्याच आरेखन शाखेच्या कोपऱ्यात दोन-तीन माणसे बसवली आणि अहवाल लिहिण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. पहिल्या रचनेत जीवशास्त्रज्ञ पाणथळ जागा दाखवून रेघ सरकवू शकत होता. दुसऱ्या रचनेत, आधीच ओढलेल्या रेघेचे समर्थन लिहिणे एवढेच त्याच्या वाट्याला येई. कित्येक जाडजूड अहवाल याच दुसऱ्या प्रकारचे होते, आणि त्यांवर खर्ची पडलेली विद्वत्ता वाया गेली असेच म्हणावे लागते.

बॉस्टनमध्ये त्याच काळात वेगळी वाट निघाली. मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल फ्रान्सिस सार्जंट हे पूर्वी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे आयुक्त होते आणि त्या पदावरून त्यांनी याच मार्गांची पाठराखण केली होती. ११ फेब्रुवारी १९७० रोजी दूरचित्रवाणीवरून त्यांनी बॉस्टनभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या वर्तुळाकार रस्त्याच्या आतील बहुतेक नव्या महामार्गांना स्थगिती दिली. तोवर रॉक्सबरी आणि जमेका प्लेन या भागांत नैर्ऋत्य द्रुतगती मार्गासाठी घरे पाडून मोकळी पट्टी तयार झालेली होती. त्यानंतर बॉस्टन वाहतूक नियोजन फेरआढावा सुरू झाला. त्याची धुरा राज्यशास्त्रज्ञ ॲलन आल्टशुलर यांच्याकडे होती, आणि पुढे तेच राज्याचे पहिले वाहतूक व बांधकाम सचिव झाले. हा आढावा बांधकाम खात्याच्या हाताखाली नव्हता, तो थेट राज्यपालांना उत्तरदायी होता. नगरपालिका, वस्ती संघटना, पर्यावरणवादी आणि व्यापारी यांचे प्रतिनिधी त्याच्या समितीवर बसत. तांत्रिक कागदपत्रे खात्याबरोबरच त्यांनाही मिळत, आणि रस्ता न बांधणे हा इतर पर्यायांइतकाच गंभीरपणे तपासला जाई.

३० नोव्हेंबर १९७२ रोजी सार्जंट यांनी नैर्ऋत्य मार्ग रद्द झाल्याचे जाहीर केले. शहराचा आतला वर्तुळमार्ग त्याआधीच बाद झाला होता. पण रद्द केलेल्या महामार्गाचा पैसा केंद्राकडे परत जाणार, ही अडचण होती. मॅसॅच्युसेट्सने वॉशिंग्टनमध्ये नेट लावला, आणि १९७३ च्या महामार्ग कायद्यात आंतरराज्य महामार्गाचा तुकडा सोडून त्याबदल्यात सार्वजनिक वाहतुकीसाठी निधी घेण्याची मुभा आली. पाडलेल्या घरांच्या पट्टीत ऑरेंज लाइन ही मेट्रो रेल्वे आणि तिच्यालगत उद्यान झाले. रेल्वे १९८७ मध्ये सुरू झाली. या सगळ्या काळातली ही बहुधा सर्वांत परिणामकारक रचना होती. पैसा एकाच कामाला बांधलेला असेल, तर पर्यायांची चर्चा कितीही मनापासून केली तरी तिचा शेवट ठरलेलाच राहतो, हे बॉस्टनमध्ये ओळखले गेले.

बदलाचा दुसरा रेटा न्यायालयांतून आला. मेम्फिस शहरातील ३४२ एकरांच्या ओव्हरटन पार्कमधून महामार्ग ४० न्यायचा होता. केंद्रीय वाहतूक मंत्री जॉन व्होल्पी यांनी त्याला मंजुरी दिली होती. मार्च १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उद्यानाचे संरक्षण हा तराजूतला इतरांसारखाच एक घटक नाही. त्याला प्राधान्य आहे, आणि मंत्र्यांनी कोणत्या नोंदींच्या आधारे निर्णय घेतला ते तपासता आले पाहिजे. महामार्ग त्या उद्यानातून कधीच गेला नाही. सॅन अँटोनियोत उलटे घडले. ब्रॅकन्रिज पार्कमधून जाणारा मार्ग १९७१ मध्ये न्यायालयाने अडवला. तेव्हा टेक्सासने काँग्रेसकडून १९७३ मध्ये खास तरतूद करून घेतली, केंद्राचा निधी सोडला आणि स्वतःच्या पैशाने १९७८ मध्ये तो रस्ता पुरा केला.

लॉस एंजेलिसमधील महामार्ग १०५ ने तर न्यायालयालाच खात्याच्या कारभारात ओढले. रहिवासी, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी आणि सिएरा क्लब ही पर्यावरण संघटना यांच्या दाव्यावरून १९७२ मध्ये काम थांबले, तेव्हा हजारो घरे ताब्यात घेऊन झाली होती. १९७९ च्या समझोत्याने मार्गाची रुंदी कमी केली आणि मधोमध रेल्वेसाठी जागा ठेवली. मोठा पर्यायी घरबांधणी कार्यक्रम महामार्ग खात्याऐवजी राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे दिला. स्थानिकांना कामावर घेण्याच्या अटींवर देखरेख ठेवली आणि विस्थापितांची बाजू मांडणारे स्वतंत्र कार्यालय उघडले. रस्ता १९९३ मध्ये खुला झाला.

परिणाम अहवाल कोणी लिहायचा, हा रचनेचा मूळ प्रश्नही न्यायालयापुढे आला. रस्ता बांधू पाहणारे राज्यच त्याचा अहवाल लिहीत होते आणि केंद्र त्यावर शिक्का मारत होते. १९७४ च्या अखेरीस व्हरमाँटमधील मार्ग ७ च्या दाव्यात अपील न्यायालयाने हे अमान्य केले आणि अहवाल केंद्रीय यंत्रणेनेच तयार करावा असे सांगितले. त्या न्यायालयाच्या कक्षेतील व्हरमाँट, न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट या तिन्ही राज्यांत कामे अडकली. काँग्रेसने ऑगस्ट १९७५ मध्ये कायदा दुरुस्त केला. राज्याने अहवाल लिहायला हरकत नाही, मात्र केंद्राने मार्गदर्शन करावे आणि स्वतंत्रपणे मूल्यमापन करावे, अशी तडजोड झाली.

याच काळात खात्यांची नावेही बदलत होती. न्यूयॉर्कने १९६७ मध्ये, फ्लोरिडाने १९६९ मध्ये, कॅलिफोर्नियाने १९७३ मध्ये महामार्ग विभाग वाहतूक खात्यात विलीन केला. पुरातत्त्वज्ञ, जीवशास्त्रज्ञ, ध्वनितज्ज्ञ आणि नियोजनकार ही पदे रूढ झाली. कृती आराखड्यांची वेगळी सक्ती मात्र टिकली नाही. केंद्राने पर्यावरणविषयक कार्यपद्धतीचे एकच नियम सर्व राज्यांसाठी तयार केले आणि १९८७ मध्ये ते सुधारले. एकसारखेपणा आला, पण प्रत्येक खात्याने स्वतःची रचना लोकांसमोर मांडण्याची सवय मागे पडली.

व्हरमाँटच्या दाव्यातला प्रश्न तीस वर्षांनी पुन्हा उघडला. २००५ च्या कायद्याने पर्यावरणविषयक मंजुरीचे केंद्राचे अधिकारच राज्यांना सोपवण्याचा प्रयोग सुरू केला. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाने ते प्रथम स्वीकारले आणि २०१२ पासून ही वाट सर्व राज्यांना खुली झाली. २०१४ मध्ये टेक्सासही त्यात आले. अशा राज्यांत ज्या खात्याने रस्ता बांधायचा, तेच आता परिणाम तपासून मंजुरीही देते. त्यासाठी एक अट आहे. या निर्णयांपुरते राज्याने आपले सार्वभौम संरक्षण सोडून द्यायचे आणि नागरिकांना केंद्रीय न्यायालयात खात्यावर दावा लावू द्यायचा.